कुंदुझच्या शेजारची जागा

६ सप्टेंबर

...आणि ते तुझं म्हणणं, की वर्षभरात पापांच्या प्रार्थनेच्या खोलीत नुसती बाकडी उरतील, ते साफ चुकलं बरं का, तालाय आगा. तू घर सोडून चार वर्षं झाली आणि आम्ही अकरा जण आहोत. मी आणि आपले आईबाप, म्हणजे पापा-आपा धरून, पण अकरा म्हणजे अकरा. शारकान-आपा ऐंशीच्या पुढची, तीसुद्धा दर रविवारी काठी टेकत येते, पहिल्या बाकड्यावर बसते आणि प्रवचन सुरू झालं की पाच मिनिटांत झोपते. पापा म्हणतात, देवाच्या घरात झोप लागते म्हणजे माणूस निर्धास्त आहे. आपा म्हणते, नाही, प्रवचन लांबलंय.

मी गिटार शिकले. चार गाणी येतात. एप्रिलमध्ये बेक्तुरचा बाप्तिस्मा झाला, तो ट्रॅक्टरवाला. मीच त्याच्या मागे लागले होते. नदीत अजून बर्फाचे तुकडे वाहत होते, तो बाहेर आला तेव्हा ओठ जांभळे, दात वाजतायत, आणि मी काठावर नाचतेय. डिसेंबरपर्यंत पंधरा जण करायचे असं मी ठरवलंय. हसू नकोस.

सख्खा भाऊ असून तू आमचे सगळे नंबर बंद करून टाकलेस म्हणून हे पत्र. शेजारच्या राकिया-एजेचा जावई तिकडे रशियात तुझ्याच साइटवर कामाला आहे हे परवा कळलं. ती त्याला दर थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी हाती कुरुत, आपले वाळवलेल्या दह्याचे गोळे, पाठवते, त्या पिशवीत हे टाकतेय. वाचून फेकलंस तरी चालेल, पण वाच.

एक गंमत सांगते. या आठवड्यात गावच्या मेंढ्या चारायला न्यायची आपली पाळी होती. मी नान बांधून, बूट चढवून तयार, तेवढ्यात गावचे वडीलधारे सारिबाय-आके घोड्यावरून आले. उतरले नाहीत. म्हणाले, या खेपेला तुमची पाळी नको, पुढच्या घराला सांगितलंय. मी म्हटलं वा, सुट्टी. दिवसभर लोळले. पापा मात्र फाटकापाशी उभे होते, कळप दिसेनासा होईपर्यंत. मी विचारलं, आपल्या मेंढ्या नीट गेल्या ना? ते म्हणाले, आपल्या गोठ्यातच आहेत, त्यांनी नेल्या नाहीत.

विसरले असतील.

बटाटे चांगले आलेत. आपा या वर्षी काढायला नव्हती, म्हणजे होती, पण पोत्यावर बसून होती. तिनं तुला काही कळवायचं नाही असं बजावलंय, त्यामुळे मी काही कळवत नाहीये.

तुझी बेर्मेत

२७ सप्टेंबर

उत्तर नाही आलं, हरकत नाही. जावई म्हणाला तू बारीक झालायस आणि पत्र उभ्या उभ्या वाचलंस. वाचलंस ना. मला तेवढं पुरे.

आपाला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. आता तिनं नको म्हटलं तरी मी सांगणार. डॉक्टरीणबाईंनी कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि आत पेननं काळं करत गेल्या, करत गेल्या. मग तो कागद घडी करून स्वतःच्याच खिशात ठेवला. पापा म्हणाले, आम्हाला द्या ना. त्या म्हणाल्या, कशाला हवाय.

पण तू टेन्शन घेऊ नकोस. आम्ही पाळीपाळीनं उपास धरलाय, चाळीस दिवसांचा. मी तर पाण्याच्या नळावर सगळ्या बायकांसमोर सांगून टाकलं, बघाच तुम्ही, मार्चमध्ये नूरुझच्या सणाला माझी आपा स्वतःच्या पायानं तुमच्या घरी येईल. एकीनं बादली अर्धी भरलेलीच उचलली आणि गेली.

राकिया-एजे दर शुक्रवारी आपल्या मेलेल्या माणसांच्या नावानं सात नान तेलात तळते आणि त्यातले दोन भिंतीवरून आपल्याकडे देते, तुला आठवत असेल. पापा पास्टर झाले तरी ते कधी थांबलं नव्हतं. पापा खायचे नाहीत, आपा त्यांच्या पाठीमागे मुरंब्याबरोबर खायची. गेले दोन शुक्रवार आले नाहीत. तेलाचा वास येतो. आपा म्हणते, तिचं पीठ संपलं असेल. पीठ संपलं तर वास कसला येतो, असं मी विचारणार होते, मग नाही विचारलं. पत्रं मात्र ती घेते. भिंतीवर ठेवायचं, ती उचलते.

थंडी तोंडावर आलीय आणि अजून कुणीही पापांना धुराडं साफ करायला बोलावलेलं नाही. गावातल्या निम्म्या चुली पापांनी बांधलेल्या. सारिबाय-आकेंच्या घरातून तर दारातूनच धूर येतो सध्या.

आणि एक गोष्ट, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. टेकडीवरच्या कब्रस्तानात, आपल्या बहिणीच्या, कुंदुझच्या थडग्यावर, कुणीतरी लाकडी क्रूस रोवला. हातभर उंच. गावात आरडाओरडा झाला. माणसं घरी आली, पापा म्हणाले, मी रोवला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या फाटकाला टेकवून ठेवलेला होता. माती पुसून, अगदी स्वच्छ.

तू चिडशील, माहीत आहे. ती चार वर्षांची होती. तेव्हा आपलं घर बाकी गावासारखंच होतं, पापा स्वतः नमाज पढायचे, त्या लेकराला यात कशाला ओढलं, असं म्हणशील. बरोबरच आहे. पण मनातल्या मनात त्यांना फार बोलू नकोस, एवढंच.

बेर्मेत

१८ ऑक्टोबर

चौघं आले होते. सारिबाय-आके आणि आणखी तीन म्हातारे, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, जणू लग्नाची बोलणी करायला आलेत. मला क्षणभर खरंच वाटलं माझ्यासाठी कुणाचं स्थळ आणलंय, आणि मी केस सारखे केले. इतकी मूर्ख आहे मी.

आपा उठली. उठू नकोस म्हटलं तरी उठली, दस्तरखान अंथरलं, नान मोडून ठेवले, चहा ओतायला बसली. भरलेला कप तिला पेलवत नव्हता म्हणून कप अर्धे अर्धे भरत होती. तसंही मान द्यायचा तर कप अर्धाच भरतात, त्यामुळे कुणाला कळलं नसेल.

सारिबाय-आके पापांना म्हणाले, "तोलोमुश, भांडायला आलो नाही. उमसुनाय गेली की तिला टेकडीवर आणू नकोस. माणसं ऐकणार नाहीत. नंतर म्हणू नकोस की सांगितलं नव्हतं."

आपा ओततच होती. "आके, मी इथंच बसलेय," ती म्हणाली. "निदान चहा तरी माझ्या हयातीत घ्या."

त्यांच्यातला एक जण हसला आणि लगेच दाढीवरून हात फिरवायला लागला.

पापांनी विचारलं, मग कुठं न्यायचं. ते म्हणाले, शहराबाहेर रशियन लोकांचं कब्रस्तान आहे, तुमच्यातलेच ते. आपा म्हणाली, तिथं मी कुणालाच ओळखत नाही.

आगा, तिला दुसरं काहीही नको आहे. कुंदुझच्या डाव्या बाजूला जागा आहे ना, लोखंडी कठड्याच्या बाहेर, तिथं जंगली गुलाबाचं झुडूप आहे, तेवढी. एकवीस वर्षं ती जागा मनात धरून बसलीय. कुंदुझला वर नेलं तेव्हा बायकांनी टेकडीवर जायचं नाही म्हणून तिला घरातच बसवून ठेवलं होतं, मी तिच्या पोटात होते. तू सात वर्षांचा, तू गेला होतास पापांचं बोट धरून. ती अजून सांगते, तू परत आलास तेव्हा तुझ्या गुडघ्यांना माती होती आणि तिनं ती दोन दिवस धुवू दिली नाही.

मग सारिबाय-आके म्हणाले, एक रस्ता आहे. उमसुनायला मुलगा आहे, तो यांच्यातला नाही. तालाय आला, त्यानं स्वतःच्या नावानं अंगणात दुखवट्याचा तंबू उभारला, काठीवर टेकून आईसाठी रडला, आणि जनाज्याची नमाज पढवणाऱ्या मोल्दोनं विचारलं कशी बाई होती, तर सगळ्यांसमोर म्हणाला की चांगली होती, आपल्यातली होती, तर आम्ही खांदा देऊ. पण तोलोमुशनं टेकडीवर पाय ठेवायचा नाही.

तुला आठवतं तेच मलाही आठवलं. आजोबांच्या दफनाच्या वेळी प्रार्थनेसाठी सगळ्यांनी हात उचलले आणि पापा रांगेतून एक पाऊल मागे सरले, थोरला मुलगा असून. ती मोकळी राहिलेली जागा. तू जाऊन तिथं उभा राहिलास. त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस.

निघताना ते उठले. आपल्याकडे परका माणूस दारातून डोकावला तरी नानचा एक तुकडा तोंडात टाकल्याशिवाय जात नाही, शत्रू असला तरी. चौघंही तसेच निघाले. सारिबाय-आकेंचा हात सवयीनं नानकडे गेला होता. बोटं टेकलीसुद्धा. मग त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला.

ते गेल्यावर आपा ते दस्तरखान उचलेना. म्हणाली, राहू दे जरा, एखादा परत येईल.

खालच्या गावात त्या म्हाताऱ्या पास्टरचं काय झालं ते तू ऐकलं असशीलच. दोनदा पुरला, दोनदा उकरला, तिसऱ्या सकाळी रस्त्याच्या कडेला गोधडीत गुंडाळलेला सापडला. मी तेव्हा म्हणायचे, ती माणसं जंगली, आपल्या गावात असं होणार नाही. आपल्या गावात सगळ्यांच्या घरात पापांच्या चुली आहेत.

तू ये. घाटात बर्फ पडायच्या आधी ये. पापांशी बोलू नकोस हवं तर.

बेर्मेत

३ नोव्हेंबर

तुझा निरोप मिळाला. राकिया-एजे कपडे वाळत घालत होती, माझ्याकडे न बघता, त्या ओल्या चादरीला सांगावं तसं म्हणाली, "तुझा भाऊ म्हणतो, ज्यानं तो क्रूस रोवला त्यानंच तिचा खड्डा खणावा."

मी आत येऊन कणीक मळली. खूप वेळ मळली. पापांना सांगितलं नाही.

क्रूस मी रोवला, आगा.

पापांना माहीतसुद्धा नव्हतं. आपानं मला फक्त काटे उपटायला आणि कठडा सरळ करायला पाठवलं होतं. मला वाटलं, नुसते काटे काय उपटायचे. बेक्तुरकडून जर्दाळूच्या झाडाच्या दोन फळ्या घेतल्या, त्याला सांगितलं चौकट करतेय. चार दिवस घासल्या. चुलीत खिळा तापवून तिचं नाव कोरलं. भर दुपारी वर गेले, गाणं म्हणत गेले. मला वाटलं आपाला किती आनंद होईल, तिच्या एका मुलीनं दुसरीसाठी केलेलं.

फोनवर फोटो काढून तिला दाखवला. तिनं दोन बोटांनी मोठा करून बघितला, नाव वाचलं. मग एवढंच विचारलं, "कुणी पाहिलं?" मी म्हटलं, सगळ्या गावानं, तिथून सगळं दिसतं. अभिमानानं म्हटलं मी हे.

माणसं आली तेव्हा मी दाराच्या मागेच होते. पापांनी अंगणात विचारलं, कसला क्रूस? मग वळून माझ्याकडे बघितलं, माझे हात बघितले, पॉलिशपेपरनं सोलवटलेले. आणि पुढे होऊन म्हणाले, मी रोवला. मी बाहेर आले नाही. एक पाऊल पुरलं असतं. पापा पास्टर आहेत, त्यांना आयुष्यात खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पापा पहिलं खोटं माझ्यासाठी बोलले आणि मी दाराआड उभी राहून मनात म्हटलं, बरं झालं.

संध्याकाळी नुसतं म्हणाले, हातांना लोणी लाव.

तेव्हा खड्डा मी खणला पाहिजे. पण मला तर वर येऊही देणार नाहीत.

काल रविवारी पापांनी प्रवचन केलं नाही. उभे राहिले आणि सरळ सांगितलं, माझी बायको गेली की मी टेकडीवर जाणार नाही. घरात बसेन, दार लावून. मुलगा आला तर तिला तो नेईल, मोल्दो जे म्हणायचं ते म्हणेल. हे ऐकून तुम्हाला माझ्या हातची प्रभूभोजनाची भाकर घ्यावीशी वाटत नसेल तर मी समजेन.

बेक्तुर उभा राहिला. "म्हणजे आपण तिला नाकारायचं? तुमच्या मुलीनंच मला शिकवलंय, माणसांसमोर प्रभूला नाकारलं की वर आपल्यालाही नाकारलं जातं."

मीच शिकवलं होतं. रंगीत पेननं लिहून दिलं होतं.

शारकान-आपा जागी होती. म्हणाली, "अरे पोरा, बाईला लेकीशेजारी झोपायचंय. तुला काय त्रास आहे, तुझी जागा घेत नाहीये ती."

बेक्तुर गेला. त्याच्याबरोबर चार जण गेले. आम्ही सहा उरलो, आणि गिटारची एक तार तुटलीय ती शहरातून आणायला कुणी जात नाहीये. तुझं बाकड्यांचं म्हणणं मला आठवलं. आता बोलून घे.

टेकडीच्या फाटकाला नवीन साखळी लागलीय. गुरं आत शिरतात म्हणून, असं म्हणतात. गुरं तर केव्हाच गोठ्यात गेली.

बेर्मेत

२१ नोव्हेंबर

घाईत लिहितेय, राकिया-एजेची पिशवी उद्या सकाळी निघते. या वेळी तिनं स्वतःच भिंतीवरून हाक मारली, लिहून ठेव म्हणाली, घाट बंद होईल. आणि एक तळलेला नान दिला. कागदात गुंडाळून, कुणी बघत नाही ना ते बघून. आपाला खाता आला नाही, तिनं नुसता हुंगला.

क्रूसाबद्दल तू काही कळवलं नाहीस. ठीक आहे.

परवा दुपारी एल्चिबेक मोल्दो आला. शाळेत तुझ्या बाकावर बसणारा एल्चिबेक, आता दाढी आलीय त्याला, पण चालतो तसाच बदकासारखा. बटाट्याच्या वावरातून, मागच्या दारानं आला. आल्या आल्या कुणी म्हणायच्या आत टेबलावरच्या नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला. आपा पडल्या पडल्या हसली. म्हणाली, लहानपणीही तू तालायच्या वाटणीचं खायचास.

तो तिच्या उशाशी जमिनीवर बसला. टोपी हातात फिरवत होता. माझ्याहून त्यालाच जास्त भीती वाटत होती.

"आपा, एकच विचारतो. हो का नाही, एवढंच सांगा. तुम्ही यांच्यासारखं नदीत उतरला होतात का?"

मला वाटलं, आता एक तर ती खोटं बोलेल, नाही तर जागा जाईल.

"नाही," आपा म्हणाली. "अजून नाही."

मला वाटलं खोटं बोलली. एल्चिबेकनं पापांकडे बघितलं. पापा म्हणाले, खरं आहे.

आगा, बारा वर्षं. बारा वर्षं ती पहिल्या बाकड्यावर बसली, गाणी म्हटली, चहा केला, आजाऱ्यांच्या घरी सूप घेऊन गेली. प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याला ती काठावर टॉवेल धरून उभी असायची. बेक्तुरला तिनंच पुसलं. मला पुसलं. टॉवेल धरणारी बाई स्वतः कधी भिजली, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. गावात कुणाला पडला नाही. तुलाही नाही. पापांना माहीत होतं, आणि ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत, तिला नाही आणि कुणालाच नाही. कारण तिनं त्यांना पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मी त्या पाण्यात उतरले तर मला कुंदुझजवळ झोपू देणार नाहीत.

एल्चिबेकनं दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग बोलतच सुटला. म्हणाला, मग प्रश्नच मिटला, मी सारिबाय-आकेंना आजच सांगतो, तालाय आला की मी सगळ्यांसमोर विचारेन कशी बाई होती, तो म्हणेल आपल्यातली होती, आणि कुणालाच खोटं बोलावं लागणार नाही, आपा, कुणालाच नाही. जाताना आणखी एक तुकडा घेतला. वावरातून जाताना शीळ घालत होता.

मी रडले. आनंदानं. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी नीट होतंय.

मग आपा म्हणाली, "तोलोमुश, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मला पाण्यात घे. नदी नको, मोन्चोतल्या, आपल्या न्हाणीघरातल्या टबात चालेल. बेर्मेत पाणी तापवेल."

पापा बाहेर गेले आणि लाकडं फोडायला लागले. लाकडं फोडून झालेली होती, ते पुन्हा फोडत होते. बारा वर्षं या एका वाक्याची वाट बघणारा माणूस.

मी तिचे केस विंचरत होते, उरलेत तेवढे. विचारलं, आत्ता कशाला, आपा? आत्ताच तर सुटलं सगळं. ती म्हणाली, "बारा वर्षं मी दोघांनाही ताटकळत ठेवलं, तिकडे लेकीला आणि इकडे देवाला. आता एकाला तरी हो म्हणू दे."

मी म्हटलं, आणि कुंदुझ?

"तिच्याकडे मला तालाय नेईल."

तो तिथं काय सांगेल मग?

"ते त्याला विचार."

पापांनाही विचारलं. ते म्हणाले, पाण्यात घेणं माझं काम आहे, पण टेकडीवर उभं राहून उत्तर देणं तालायच्या वाट्याला येणार. तालायला विचारल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. चार वर्षांत त्यांनी तुझं नाव पहिल्यांदा घेतलं. दोनदा घेतलं.

तू म्हणशील, गुपचूप करा, कुणाला कळतंय. पण आम्ही सहा जण आहोत, आणि शारकान-आपा झोपेतही बोलते. बेक्तुर अजून रागात आहे, त्याला कळलं तर तो नळावर उभा राहून सांगेल, आणि सांगताना त्याला वाटेल की तो खरेपणानं वागतोय. एल्चिबेकनं सारिबाय-आकेंना शब्द देऊन झालाय, काल साखळी काढली होती. उद्या त्यांना समजलं की एल्चिबेकला फसवलं, अगदी पुरल्यावर समजलं तरी, काय होतं ते मी खालच्या गावाचं लिहिलंच आहे. गोधडी मला डोळ्यांसमोर दिसते. आपल्या घरची निळी.

आणि तुला तिथं उभं राहावं लागेल. "आपल्यातली होती" असं म्हणावं लागेल, तुला माहीत असताना. पापांनी एक पाऊल मागे घेतलं म्हणून तू घर सोडलंस. तुला तर मागे सरायलाही जागा नसेल.

मी काय करतेय सांगू? मी, जिनं बेक्तुरला बर्फाच्या पाण्यात ढकललं आणि काठावर नाचले, ती मी रोज सकाळी देवाला म्हणते, तिला विसरू दे. लाकडं ओली आहेत असं सांगायचं मनात येतं. धुराडं तुंबलंय असं सांगायचं. आणि मग ती उशीवरून विचारते, रविवारला किती दिवस राहिले, आणि मी बोटं मोजून खरं सांगते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं बघता तो रविवार तिला मिळेल. त्याच्या पुढचा मिळेल का माहीत नाही.

येशील की नाही तेही कळव, पण त्याआधी हे कळव. राकिया-एजेच्या जावयाला तोंडी सांगितलंस तरी पुरे, तो तिला फोनवर सांगेल आणि ती भिंतीवरून मला. तुझी आई आहे, माझी आहे, आणि टेकडीवर तिच्या बाजूनं बोलणारा तू एकटाच असशील. तुला काय वाटतं आगा, त्या रविवारी सकाळी मी मोन्चोची चूल पेटवू की नको?